टोपातला रात्रीचा भात

नागोठण्यात, अंबा नदीकाठच्या घरांत, रात्री भात थोडा जास्तच शिजतो. सकाळी फोडणीला लागतो ना! जेवणं आटोपतात, भांडी घासून होतात, टीव्हीवर क्रिकेटचा सामना रंगतो. टोप मात्र झाकण घालून ओट्यावर तसाच.

सकाळी कांदा-मिरचीची फोडणी बसते, भात वाफाळता होतो. एखाद्या दिवशी मूल शाळेत पोचता पोचता ओकू लागतं. दोष जातो तेलाला.

खरं कारण तांदळातच असतं. त्यात ‘बॅसिलस सेरियस’ या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते उकळत्या पाण्यातही तगतात. टोपाच्या मध्यभागी भात कित्येक तास कोमट राहतो. तेवढ्यात ते रुजतात, वाढतात, विष सोडतात. उलट्या घडवणारं हे विष फोडणीच्या आचेलाही दाद देत नाही. वास किंवा चव बदलतेच असं नाही. खाल्ल्यावर अर्ध्या ते ६ तासांत उलट्या होतात, बहुधा दिवसभरात थांबतात. मूल सुस्तावलं, लघवी कमी झाली, तर ओआरएस पाजत दवाखाना गाठावा.

भात टाकून द्या असं रायगडात, भाताच्या कोठारात, सांगून कोण ऐकणार? उरलेला भात परातीत पातळ पसरावा, वाफ जाऊ द्यावी आणि तासाभरात फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी संपवावा. रात्रभर वीज नसेल तर मात्र तो खाऊ नये. फ्रिजच नसेल, तर तांदूळ मापातच घ्यावा. परात काढायला घरातल्या बाईनेच उठायला हवं असं नाही. सामना बघणाऱ्यालाही जाहिरातींच्या वेळात हे जमतं.