चांदरातीचं दूध आणि कारखान्याचं गणित

ईदचा शीरखुर्मा आमच्या घरी दरवर्षी एक परीक्षा घेतो. चवीची नव्हे, हिशेबाची. चाळीस माणसं येणार असं धरलं की दहा लिटर दूध, शेवया, खारका, चारोळी, साखर हे सगळं त्यावरून ठरतं. माणसांचा आकडा अंदाजाचा. पण एकदा तो धरला की बाकी नुसता गुणाकार. मग घरात काय शिल्लक आहे ते पाहायचं आणि कमी पडेल तेवढंच आणायचं. कशाला किती वेळ लागतो हेही पाहायचं. खारका आदल्या रात्री भिजल्या पाहिजेत, दूध मात्र त्याच पहाटेचं हवं.

कारखान्यातही असंच करतात. त्याला ‘मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग’, थोडक्यात ‘एमआरपी’ म्हणतात. पाकिटावर छापलेल्या किमतीशी या एमआरपीचा काही संबंध नाही. आपण याला मालाच्या गरजेचं नियोजन म्हणू. मी कवितेत रमणारा, बी.ए. झालेला माणूस, हे मला कळायचं कारण नव्हतं. पण माझा भाचा बुटीबोरीच्या एका कारखान्यात याच खात्यात आहे. त्याच्यामुळे कळलं, आणि कळलं ते फार वाईट दिवसांत.

पूर्वी कारखान्यांची रीत आपल्या डाळीच्या डब्यासारखी होती. डबा तळाला गेला की वाण्याकडे जायचं. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या कारखान्यांत संगणक रुळू लागले आणि आयबीएम कंपनीतल्या जोसेफ ऑर्लिकी यांनी या नियोजनाची नवी रीत घडवली. 1975 साली त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. तयार वस्तूला किती मागणी येईल याचा अंदाज बांधावा लागतो. पण तिच्या सुट्या भागांचा अंदाज कशाला बांधायचा? तो तर हिशेब आहे. शंभर सायकली करायच्या तर चाकं दोनशेच लागणार.

या हिशेबाला तीन वह्या लागतात. पहिलीत कोणती वस्तू, किती आणि कधी तयार व्हायला हवी ते. दुसरीत एका वस्तूला काय काय लागतं ते. तिसरीत हाताशी काय आहे, वाटेवर काय आहे ते. या तिन्ही जुळवून संगणक तारखेवरून मागे मोजत येतो आणि कोणती मागणी कोणत्या दिवशी नोंदवायची ते सांगतो.

आता त्या वाईट दिवसांकडे येतो. एप्रिल 2021. रमजान सुरू झाला होता. आमच्या सावंगी (मेघे)च्या रस्त्यावरून दिवसरात्र रुग्णवाहिका धावत होत्या. माझा मेहुणा एका दवाखान्यात होता आणि माझ्या हातात चिठ्ठी होती : रेमडेसिविर, सहा कुप्या. पहिल्या दिवशी दोन, पुढे चार दिवस एकेक. इंजेक्शन कुठंच नव्हतं. रात्री मी भाच्यावर चिडलो, ‘‘एवढे तुमचे संगणक, मग औषध का नाही?’’ तो म्हणाला, ‘‘मामू, संगणक चुकला नाही. त्याला विचारलं तेवढंच त्यानं सांगितलं.’’

तो काय म्हणत होता ते असं. एका कुपीत औषध 100 मिलिग्रॅम. पण ते पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून भुकटीच्या कुपीत त्यासोबत सायक्लोडेक्स्ट्रिन नावाचा, स्टार्चपासून बनवलेला पदार्थ घालतात : सुमारे 3 ग्रॅम, म्हणजे औषधाच्या तीसपट. एक लाख कुप्या करायच्या तर औषध 10 किलो आणि हा पदार्थ 300 किलो. शिवाय लाख बाटल्या, लाख रबरी बुचं, लाख ॲल्युमिनियमची टोपणं. यांतलं एक जरी आलं नाही तरी बाकीचं सगळं असून नसल्यासारखं. 20 एप्रिल 2021 रोजी केंद्र सरकारनं आयात शुल्क माफ केलं, ते इंजेक्शनसोबत मूळ औषधावरचं आणि या सायक्लोडेक्स्ट्रिनवरचंही. ते का, हे मला तेव्हा उमगलं.

या रीतीची पहिली मर्यादा इथेच आहे. पहिल्या वहीतला आकडा माणूस लिहितो. 2021 च्या सुरुवातीला साथ ओसरली, मागणी घटली, कंपन्यांनी उत्पादन कमी केलं. वरचा आकडा लहान झाला तेव्हा संगणकानं इमानेइतबारे खालचे सगळे आकडे लहान केले.

दुसरी मर्यादा वेळेची. संगणकाला एकदा ‘माल दहा दिवसांत येतो’ असं सांगितलं की तो दहाच धरतो. जहाज अडकलं तर तो काय करणार? आणि काही वेळ कमी करताच येत नाही. इंजेक्शन निर्जंतुक आहे की नाही, याच्या नेहमीच्या चाचणीला चौदा दिवस लागतात. जंतू वाढतात का ते पाहत थांबावंच लागतं.

तिसरी, यंत्राची. मूळ रीत समजते की यंत्रं हवी तेवढी मोकळी आहेत. औषध गोठवून सुकवणारं यंत्र एकच असेल आणि ते दुसऱ्या कामात असेल, तर कागदावरची तारीख कागदावरच राहते. पुढं या हिशेबात यंत्रांची क्षमताही धरू लागले, पण ती माहिती खरी असावी लागते.

चौथी, वहीच्या खरेपणाची. समजा एका वस्तूला दहा भाग लागतात आणि प्रत्येक भाग हाताशी असण्याची खात्री शंभरात पंचाण्णव. पंचाण्णव म्हणजे उत्तमच, असं वाटतं ना? पण दहाही भाग एकाच वेळी हाताशी असण्याची खात्री उरते शंभरात जेमतेम साठ. म्हणून चांगल्या कारखान्यात गोदामातला माणूस रोज थोडा थोडा माल हातानं मोजतो.

आणि पाचवी मर्यादा मी स्वतः आहे. त्या आठवड्यात मी वर्धा, नागपूर, यवतमाळ, अमरावती आणि हिंगणघाट अशा पाच ठिकाणी नाव नोंदवलं होतं. रुग्ण एक, मागणी पाच जणांची. सहा कुप्या हव्या असताना वहीत तीस लागल्या. अखेर दवाखान्याच्या वाट्यातून इंजेक्शन मिळालं, मेहुणा घरी आला. मी मात्र एकाही ठिकाणी ‘आता नको’ म्हणून कळवलं नाही. आठवड्यानं अमरावतीहून फोन आला, ‘‘तुमच्या कुप्या आल्यात.’’ माझ्या नावानं अडवलेल्या त्या कुप्यांची कुणीतरी दुसरा वाट पाहत असेल, हा विचार अजून छळतो.

माझ्यासारखे किती असतील? सरकारी आकड्यांप्रमाणे 11 एप्रिलला देशात रोज 33 हजार कुप्या बनत होत्या. 29 मे रोजी साडेतीन लाख. आमच्या वर्ध्यातल्या जेनेटिक लाइफ सायन्सेस या कारखान्यातही मेच्या पहिल्या आठवड्यात उत्पादन सुरू झालं. ते अभिमानाचंच. पण त्याच 29 मेला केंद्रानं राज्यांना वाटप थांबवलं, कारण आता मागणीपेक्षा पुरवठा जास्त होता. आणि हे औषध दाखल रुग्णांना देऊ नये, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर 2020 मध्येच केली होती. पुढे 2022 मध्ये काही रुग्णांपुरती ती बदलली. वस्तू किती करायची ते हिशेब सांगतो. ती किती गरजेची आहे, हे त्याला विचारायची सोय नाही.

म्हणून हिशेब टाकून द्यायचा का? नाही. त्याच्याशिवाय मोठा कारखाना एक दिवस चालणार नाही. फक्त वहीत खरं लिहायचं, थोडा साठा हाताशी ठेवायचा आणि गरज संपली की मागणी रद्द करायची.

माझी बायको हे कधीच शिकली नाही, पण करते. ईद उद्या की परवा हे चंद्रावर. एकोणतिसाव्या रोजाच्या सकाळीच ती दूधवाल्याला सांगते, ‘‘भाऊ, आज चांद दिसला तर उद्या दहा लिटर, नाही तर रोजचंच दोन. मगरिबनंतर फोन करते.’’ आणि चांद दिसो न दिसो, ती फोन करतेच.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)