दिवाबत्ती, पंप आणि नगरपालिकेचे वीजबिल

नगरपालिकेच्या वीजबिलाचा मोठा वाटा रस्त्यावरचे दिवे आणि पाणी उपसणारे पंप खातात. कार्यालयातले पंखे नि एसी त्यामानाने मागे असतात, जरी बचतीच्या पाट्या नेमक्या तिथेच लागतात.

पिवळ्या प्रकाशाच्या सोडियम दिव्याऐवजी एलईडी बसवला, तर वीज साधारण निम्मी लागते. अडचण असते ती सुरुवातीच्या पैशाची. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारने सुरू केलेल्या राष्ट्रीय पथदिवे कार्यक्रमात यावर तोड काढली गेली. ‘ईईएसएल’ या सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांच्या संयुक्त कंपनीने स्वतःच्या खर्चाने दिवे बसवायचे, काही वर्षे सांभाळायचे आणि नगरपालिकेने वाचलेल्या बिलातून हप्ते फेडायचे. व्यवहार सरळ दिसतो, पण खरी मेख मोजणीत आहे. आधीचे निम्मे दिवे बंदच असतील, तर नवे सगळे दिवे लागल्यावर बिल अपेक्षेइतके उतरत नाही. मग हप्ता कशातून द्यायचा, यावरून वाद होतो. म्हणून करारापूर्वी चालू दिव्यांची गणना आणि मीटरची नोंद हवी.

पाणीपुरवठ्यात झिजलेला किंवा गरजेपेक्षा मोठा पंप वर्षानुवर्षे जास्त वीज ओढत राहतो. पंप बदलणे, गळती बुजवणे आणि कपॅसिटर बसवून पॉवर फॅक्टर सुधारणे, हे त्यावरचे उपाय. महाराष्ट्रात ऊर्जा संवर्धनाचे काम ‘महाऊर्जा’ ही राज्य संस्था पाहते. इमारतींची ऊर्जा तपासणी हा त्याचाच भाग.