फटींचं गणित

रस्त्याचे पन्नास-पन्नास मीटरचे खण पाडायचे. कुठल्या खणात किती गाड्या आहेत ते लिहून ठेवायचं आणि दर दोन सेकंदांनी प्रत्येक सीमेवर पाहायचं, की मागचा खण किती गाड्या सोडू शकतो आणि पुढचा किती सामावून घेऊ शकतो. त्यांतला लहान आकडा पुढे सरकतो. नियम एवढाच. पण संगणकावर तो चालवला, की सिग्नल लाल होताच कोंडीची लाट गाड्यांच्या उलट दिशेने मागे मागे सरकू लागते. नियमात लाटेचं नावही नाही!

यामागचं समीकरण १९५५ साली लाइटहिल आणि व्हिदम यांनी, आणि पुढच्याच वर्षी रिचर्ड्स यांनी स्वतंत्रपणे मांडलं. खणांची पद्धत मात्र रशियन गणितज्ञ गोदुनोव यांची, १९५९ची, आणि तीही वायूतल्या आघातलाटांसाठी.

सेकंद मनाला येतील तेवढे धरता येत नाहीत. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी पन्नास मीटर तीन सेकंदांत पार करते. पाच सेकंदांची पावलं टाकली, तर खणात दोनच गाड्या असताना हिशेब तीनहून जास्त बाहेर काढतो आणि मागे उणे गाड्या उरतात. पाऊल खण पार करायला लागणाऱ्या वेळेपेक्षा मोठं नसावं, ही अट कूरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी यांनी १९२८ सालीच सांगून ठेवली होती, संगणक येण्याच्या कितीतरी आधी.

आता या खणांत पुण्यातला एखादा रस्ता बसवून बघा: मोटारी, बस, रिक्षा आणि मिळेल तिथून शिरणाऱ्या दुचाक्या. अभियंते साधारणपणे दुचाकी म्हणजे अर्धी मोटार, ट्रक म्हणजे तीन मोटारी असं धरतात. रस्त्याची रुंदी ठरवायला ते ठीक. पण अर्धी मोटार मोटारीबरोबरच थांबते, दुचाकी थांबत नाही.

२०११ साली नायर, महमसानी आणि मिलर-हूक्स यांनी वाहतुकीला वाळूतून झिरपणाऱ्या पाण्यासारखं मानलं. कुठल्या वाहनाला शिरायला किमान किती फट लागते, आणि या दाटीत तेवढ्या फटी किती उरल्या, यावर त्याचा वेग. गर्दी वाढते तशा रुंद फटी आधी संपतात. मोटारीजोगी एकही उरली नाही, तरी दुचाकीच्या मापाच्या उरतात.

आता समीकरणं दोन, एकमेकांत गुंतलेली: मोटारींचा वेग दुचाक्यांच्या गर्दीवरही अवलंबून आणि दुचाक्यांचा मोटारींच्या. लहान आकडा निवडण्याचा सोपा नियम इथे पुरत नाही. सीमेवरच्या प्रवाहासाठी वेगळी, अंदाजी सूत्रं लागतात. ती चालवली, की लाल सिग्नलमागे मोटारींचे आकडे जागच्या जागी गोठतात, दुचाक्यांचे मात्र खणामागून खण पुढे सरकत पहिल्या खणात साचत जातात, आणि हिरवा लागताच त्या खणातून आधी दुचाक्याच निघतात.