स्नानगृह-उपकरणांचे मालवर्गीकरण आणि आवेष्टन : न्हावा-शेवा बंदराच्या संदर्भात

स्नानगृहात शेजारी-शेजारी बसविली जाणारी उपकरणे सीमाशुल्काच्या कागदावर मात्र परस्परांपासून दूर जातात. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ पासून कार्यरत आहे. तेथून जाणाऱ्या अशा मालास दोन निराळ्या कसोट्या लागतात. सीमाशुल्क खाते वस्तू बहुधा कशाची बनली आहे हे पाहते. वाहतूकदार ती किती जागा व्यापते हे पाहतो.

सीमाशुल्काचे वर्गीकरण १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर अमलात आलेल्या हार्मोनाइज्ड सिस्टीमवर आधारलेले आहे. चिनी मातीचे वॉश बेसिन, कमोड व फ्लश टाकी ६९१० या शीर्षकात येतात. प्लास्टिकच्या याच वस्तू, तसेच कमोडची बैठक व झाकण ३९२२ मध्ये. लोखंड-पोलादाची उपकरणे ७३२४ मध्ये आणि तांब्या-पितळेची ७४१८ मध्ये. नळ मात्र पितळी असो वा प्लास्टिकचा, ८४८१ मध्येच मोडतो, कारण तेथे द्रव्यापेक्षा कार्याला महत्त्व आहे. कमोड व झाकण एकाच संचात विकावयाचे असल्यास संचाला मूळ स्वरूप देणाऱ्या वस्तूवरून शीर्षक ठरते.

भाड्याचे गणित याहून वेगळे आहे. अनेक व्यापाऱ्यांचा माल एकाच कंटेनरमधून जातो तेव्हा साधारणतः एक घनमीटर किंवा एक टन, यांपैकी जे अधिक भरेल त्यावर भाडे आकारले जाते. उदाहरणादाखल, ७० × ४० × ८० सेंमी आकाराच्या कमोडभोवती सर्व बाजूंनी ५ सेंमी संरक्षक थर दिल्यास पेटी ८० × ५० × ९० सेंमी, म्हणजे ०.३६ घनमीटर होते. वजन ४५ किलो धरल्यास भाडे वजनाच्या आठपट मापावर द्यावे लागते. थर ३ सेंमीवर आणला तर पेटी सुमारे ०.३० घनमीटर होते आणि भाड्यात जवळपास सहाव्या हिश्श्याची बचत होते. मोह येथेच पडतो.

भाजलेली चिनी माती दाब पुष्कळ सोसते, पण ताण व आघात सोसत नाही. बेसिनची कड आणि कमोडच्या पायथ्याशी असलेली बोल्टची छिद्रे या तिच्या दुबळ्या जागा होत. म्हणून वरच्या पेट्यांचा भार वस्तूवर न येता पेटीच्या कोपऱ्यांवर यावा लागतो. नवी मुंबईच्या पावसाळ्यात ओलावा शोषलेला पुठ्ठा हा भार पेलेनासा होतो. तेथे लाकडी चौकट उपयोगी पडते. परदेशी जाणाऱ्या अशा लाकडास आयएसपीएम-१५ मानकानुसार गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे देणे, अथवा मान्य असलेली अन्य प्रक्रिया करणे व तसा शिक्का उमटविणे आवश्यक असते.

थरात केलेल्या बचतीची खरी किंमत माल फुटल्यावर कळते. १९२४ च्या हेग नियमांत अपुऱ्या आवेष्टनामुळे झालेल्या हानीची जबाबदारी वाहतूकदारावर राहत नाही. पेटीवर ‘नाजूक’ असे ठळक छापलेले असले, तरी आतील थर पुरेसा होता काय, हा प्रश्न उरतोच. म्हणूनच कंटेनर भरण्यापूर्वी उघड्या पेटीचे छायाचित्र व थराच्या जाडीची नोंद निर्यातदाराने स्वतःकडे ठेवणे इष्ट असते.