वळणावरची टकटक

श्रावणातली रात्र. आमच्या बचत गटातल्या एकीच्या सुनेला आठवा महिना. दोन दिवस तिचं डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. फोन आला तशी मी गाडी काढली. चिपळूणचा पाऊस तो, काच पुसता पुसत नव्हती. त्यात उजवीकडे वळलं की पुढच्या डाव्या चाकातून 'टक टक टक'!

"वहिनी, गाडी पोचेल ना?" मागून सासूने विचारलं.

"पोचेल हो," म्हटलं खरं, पण पोटात गोळा आला. कारण हा आवाज मी मे महिन्यापासून ऐकत होते. 'चालतेय ना, मग बघू सवडीने' म्हणत होते.

पोचलो. रक्तदाब खूप वाढला होता. वेळेत उपचार मिळाले आणि बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली.

दुसऱ्या दिवशी गॅरेज गाठलं तर उत्तर मिळालं, "साहेबांना पाठवा, त्यांना सांगतो." आमचे 'साहेब' नोकरीनिमित्त मुंबईला! मग शेजारच्या काकांना हाक मारली. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांनी बॅटरी मारून चाकाच्या आत पाहिलं. सगळीकडे काळं ग्रीस उडालेलं.

"अगं, बूट फाटलाय. जॉइंट गेला."

मला वाटलं, गाडीला कसला बूट? काकांनी नीट समजावलं. पूर्वीच्या अ‍ॅम्बेसिडर, पद्मिनी मागच्या चाकांवर चालायच्या. १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाड्या आपल्याकडे घरोघरी झाल्या. अशा गाडीत गिअरबॉक्सपासून पुढच्या प्रत्येक चाकापर्यंत एक दांडा असतो, त्याला ड्राइव्ह शाफ्ट किंवा एक्सल म्हणतात. चाक फिरतंही आणि वळतंही, म्हणून दांड्याच्या टोकांना सांधे असतात. सांध्यात पोलादी गोळ्या आणि ग्रीस, वरून घड्यांचं रबरी आवरण. तोच बूट! तो फाटला की ग्रीस बाहेर, चिखलपाणी आत. सांधा झिजतो आणि वळणावर टकटकतो. पुरता तुटला तर इंजिन नुसतं गुरगुरतं, गाडी जागची हलत नाही. त्या रात्री असं झालं असतं तर? अंगावर काटा आला.

"नवा शाफ्ट आण. तू बदल, मी सांगतो. माझे गुडघे आता वाकत नाहीत," काका म्हणाले.

रविवारी अंगणातल्या कोब्यावर गाडी घेतली. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड लावले. चाकाच्या मधला मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचा. लेकीने ब्रेक दाबून धरला, मी लांब पान्यावर सगळा भार टाकला. तिसऱ्या झटक्याला 'कट्' झालं! मग जॅक लावून गाडी उचलली आणि खाली भक्कम घोडी ठेवली. "नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही," काकांनी दरडावलं.

चाक काढलं, गिअरबॉक्सचं ऑइल घमेल्यात उतरवलं. खालचा बॉल जॉइंट सोडवून चाकाचा भाग बाहेर ओढला, तेव्हा शाफ्टचं टोक सुटलं. ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना, हे लेक बघत होती. आतलं टोक पहारीने हलकेच उचकटलं. नवा शाफ्ट काकांनी जुन्याशेजारी ठेवून लांबी ताडून पाहिली. तो बसवताना गिअरबॉक्सचं सील दुखावू दिलं नाही. आत 'टक्' करून अडकला, तरी ओढून खात्री केली. सगळं जागच्या जागी बसवून ऑइल भरलं. गाडी खाली घेतल्यावर नवा नट मापाच्या पान्याने आवळला आणि सुटू नये म्हणून त्याची कड ठोकून बसवली. पाच तास लागले. नखांतलं काळं आठवडाभर गेलं नाही.

मैत्रिणींनो, सगळ्यांनी पाना हातात घ्यावा असं मी म्हणत नाही. जाणत्या माणसाशिवाय तर नकोच. पण वेळेवर नुसता बूट बदलला असता तर शाफ्ट वाचला असता. तीच गोष्ट त्या पोरीची. दोन दिवस डोकं दुखतंय, हे तिने 'होईल बरं' म्हणून कुणाला सांगितलंच नव्हतं. आपण बायका गाडी काय आणि शरीर काय, चालतंय तोवर चालवतो.

परवा बाळाच्या बारशाला गेले. तेच वळण, तीच गाडी. खिडकी खाली करून कान दिला. फक्त पावसाचा आवाज येत होता.