सापांचे रंग आणि निसर्गाची निवड

करडीसारख्या धानाच्या गावी पावसाळ्यात घरात साप निघाला की "मण्यार, मण्यार" अशी आरोळी उठते आणि काठ्या धावतात. पुष्कळदा मेलेला साप पाली खाणारा बिनविषारी कवड्या असतो. दोघांच्याही अंगावर पांढरे आडवे पट्टे असतात. हे साम्य का, असे विद्यार्थी विचारतील. त्याचे उत्तर शिक्षकांपाशी असावे.

एकाच मादीच्या पिलांतही रंगाचा थोडाफार भेद असतो. ज्या पिलाचा रंग शत्रूच्या दृष्टीस चुकवितो, ते जगते आणि त्याचा रंग पुढील पिढीत उतरतो. यासच नैसर्गिक निवड म्हणतात. साप बुद्ध्या रंग बदलतो, असा मुलांचा समज होऊ देऊ नये.

याचे प्रसिद्ध उदाहरण उत्तर अमेरिकेतील ईरी सरोवरात आढळते. काठच्या भूमीवरील पाणसाप ठळक पट्ट्यांचे, परंतु सरोवरातील बेटांवर पुष्कळ साप बिनपट्ट्यांचे, राखी. बेटांचे किनारे फिकट चुनखडीचे असल्याने तेथे पट्टेरी पिलू पक्ष्यांच्या नजरेत चटकन भरते. बेटावरील पिलांत पट्टेरींचे जे प्रमाण असते, ते मोठ्या सापांत उरत नाही, असे कॅमिन व एर्लिक या संशोधकांनी १९५८ मध्ये दाखविले. मग पट्टे अजिबात नाहीसे का झाले नाहीत? काठावरून पट्टेरी साप पोहत येतात आणि बेटावरील सापांशी त्यांची संतती होते, म्हणून. निवड पट्टे पुसते, स्थलांतर ते पुन्हा आणते.

आपल्या कवड्याचे पट्टे मात्र लपण्यासाठी नसून सोंगासाठी असावेत, असे मानले जाते. मण्यारीस भिणारा शत्रू कवड्यासही टाळतो. पक्ष्यापुढे उपयोगी पडणारे हे सोंग माणसापुढे जिवावर बेतते, ही गोष्ट वेगळी!

कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात. मोठ्या मण्यारीचे पट्टे मानेमागे काही अंतरावर सुरू होतात, बहुधा जोडीजोडीने असतात आणि शेपटीकडे ठळक होतात. लहान मण्यारीत हा भेद फसवा असतो. म्हणून ही ओळख दुरूनच करावी, कोणताही साप हाती धरू नये. मण्यार बहुधा रात्री, झोपेत चावते. दंश फारसा दुखत नाही व सूजही क्वचितच येते. संशय आला तरी मांत्रिकाकडे वेळ न दवडता रुग्णास प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात तत्काळ न्यावे.

फळ्यावर दोन्ही साप शेजारीशेजारी, डोकी एकाच बाजूस ठेवून काढावेत, म्हणजे पट्टे कोठे सुरू होतात ते मागच्या बाकावरूनही दिसते.