घरच्या बैठकीत वाइन चाखताना

● क्रम : आधी स्पार्कलिंग, मग पांढरी, नंतर लाल आणि शेवटी गोड.

● तापमान : पांढरी 8 ते 12, लाल 16 ते 18 अंश सेल्सिअस. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लाल वाइनही थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावी.

● माप : 750 मिलिलिटरच्या बाटलीत 50 मिलिलिटरप्रमाणे 15 जणांचे भागते.

● वास : नाशिक परिसरात पिकणाऱ्या सोव्हिन्यों ब्लाँमध्ये ढोबळी मिरचीची आठवण येते, ती पायराझिन या संयुगांमुळे. शिराझमधला मिऱ्याचा वास रोटंडोनचा. खऱ्या काळ्या मिरीतही तेच असते.

● तुरटपणा : द्राक्षाची साल आणि बिया यांतल्या टॅनिनमुळे; म्हणून तो लाल वाइनमध्ये जास्त.

● बिघाड : ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला, तर दोष बहुधा बुचाचा.

● लेबल झाका : 1976मध्ये पॅरिसला फ्रेंच परीक्षकांनी नावे न पाहता चव घेतली. पांढऱ्या आणि लाल, दोन्ही गटांत पहिली आली कॅलिफोर्नियाची वाइन!

● नोंद : बोलण्याआधी प्रत्येकाने आपले मत कागदावर लिहावे. पहिला बोलला की बाकीच्यांनाही तोच वास येऊ लागतो.